गसची लाल झूल

ज्या घरात कुत्रा आहे, त्या घरात एक भांडण रोजचं असतं. आपण बाहेर जायला कोट चढवला, की कुत्रा आधीच दाराशी जाऊन बसलेला असतो. ‘तू घरी थांब’ म्हटलं, की तो असा चेहरा करतो की दगडालाही पाझर फुटावा. वाचकहो, तुमच्याही घरी हेच असेल, तर पुढची गोष्ट जरा कान देऊन ऐका.

व्हरमाँटच्या डोंगरांत ईस्ट हॅलम नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लोरेट पुलिओच्या घरी हे भांडण जरा जास्तच जोरात व्हायचं, कारण घरात राहणारी माणसं दोनच: लोरेट आणि गस. त्यातला गस कुत्रा होता. थोडा शिकारी जातीचा, बाकीचा कोणकोणत्या जातीचा ते देवालाच ठाऊक. कान लोंबते, तोंडाला सदा लाळ, अक्कल बेताची, आणि प्रेम मात्र पोत्यानं.

लोरेटचा नवरा आर्मां जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला एकटीनं माणसांत जायचं म्हटलं की नकोसं व्हायचं. ऑरिनच्या किराणा दुकानाचं दार उघडलं की आतली चार डोकी वळायची, आणि लोरेटला वाटायचं, ही माणसं आपल्याकडे पाहत नाहीत, आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहताहेत. गस बरोबर असला की ती जागा भरलेली असायची. पण दुकानाच्या दारावर पाटी होती: ‘मदतनीस कुत्र्यांखेरीज कुत्र्यांना मनाई.’ गसला बाहेर बांधलं की तो असा गळा काढायचा की लोरेट निम्मं सामान विसरून घरी पळायची.

यावर उपाय काढला तिच्या बोस्टनच्या भाचीनं. “मावशी, हल्ली इंटरनेटवर सगळं मिळतं गं!” आठवड्याभरात पार्सल आलं. पांढऱ्या अक्षरांत ‘मदतनीस कुत्रा’ लिहिलेली लाल झूल, गसचा फोटो असलेलं ओळखपत्र, आणि सोनेरी शिक्क्याचं भलंमोठं प्रमाणपत्र. पाठवणाऱ्यांनी कुत्र्याचं नाव विचारलं होतं आणि छातीचं माप विचारलं होतं. त्याला काय येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

झूल चढवून गस पहिल्यांदा दुकानात शिरला, तेव्हा ऑरिननं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “वा, साहेब मोठ्या हुद्द्यावर गेले की!” त्या दिवसापासून गस दुकानात, ग्रंथालयात, चर्चच्या जेवणावळीत, सगळीकडे दिसू लागला. लोरेट पुन्हा हसूबोलू लागली. यात कुणाचं काही बिघडत होतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मार्च सरत आला. मेपलच्या झाडांना बादल्या लटकल्या, पाकासाठीचा गोड रस सुटला, आणि त्याचबरोबर गावात कुत्र्यांच्या बिल्ल्यांचा मोसम आला. एप्रिल उजाडायच्या आत कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यायची आणि गावच्या कचेरीतून त्या वर्षाचा बिल्ला आणून गळ्यात बांधायचा, हा तिथला कायदा. बिल्ले देणारी गावची कारभारीण ड्रुसिला बीन ही लोरेटची शाळेपासूनची मैत्रीण.

“गसचा बिल्ला राहिलाय, लोरेट. लस टोचलीस का?” एके दिवशी लोरेट कचेरीत आली, तेव्हा ड्रुसिलानं विचारलं.

“आम्हाला आता गावचा बिल्ला लागत नाही,” लोरेटनं सोनेरी शिक्क्याचा कागद ऐटीत टेबलावर ठेवला. “गसची अख्ख्या देशात नोंदणी झालीय.”

ड्रुसिलानं चष्मा पुसला, कागद वाचला आणि खो खो हसली. “अगं खुळे, असली देशाची नोंदणी कुठं अस्तित्वातच नाही! हा नुसता छापलेला कागद आहे. माझ्या या कुंडीतल्या निवडुंगाचं नाव कळवलं असतंस, तरी त्यालाही आला असता.”

“झूल आहे त्याच्याकडे!”

“कायद्यात झुलीचा शब्दसुद्धा नाही. आणि खऱ्या मदतनीस कुत्र्यालाही गावचा बिल्ला चुकत नाही. लस टोचलीय का, हरवला तर कुणाच्या दारात आणून सोडायचा, हे गावाला कळायला नको? बरं, मला एक सांग. गस काम काय करतो?”

“सोबत करतो.”

“ती सगळेच करतात.”

“तुझा नवरा घरी आहे, ड्रू!” लोरेटचा आवाज चढला. “सोबत म्हणजे काय, ते तुला काय कळणार?”

ड्रुसिलाचं हसू मावळलं. ती खुर्ची ओढून लोरेटच्या शेजारी येऊन बसली. “तुझं दुःख खरं आहे, बाई. गसचा तुला आधार आहे, हेही खरं. उद्या भाड्याच्या घरात राहायची वेळ आली आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, तर घरमालकालासुद्धा त्याला बाहेर काढणं सोपं नाही. पण आधार वेगळा आणि काम वेगळं. मदतनीस कुत्रा एखादं काम शिकलेला असतो, आणि त्या कामावाचून त्याच्या माणसाचं अडतं. दुकानात मुभा आहे ती कुत्र्याला नव्हे, त्या माणसाला. तू ही झूल घातलीस, की कुणाच्या तरी ताटातला घास उचलतेस.”

“माझ्या गसनं कुणाचा घास उचलला गं?”

नेमका त्याच वेळी गस टेबलाखाली ड्रुसिलाच्या डब्यातलं सँडविच संपवत होता.

लोरेट रागारागानं बिल्ला न घेताच उठली. दारात एक तरुण बाई आपल्या तपकिरी, साध्यासुध्या कुत्रीला घेऊन उभी होती. “जरा वाट द्या, मदतनीस कुत्रा आहे,” लोरेट म्हणाली. त्या बाईनं हसून आपल्या कुत्रीला बाजूला घेतलं आणि वाट दिली.

ती बाई म्हणजे शाळेत नव्यानं आलेली संगीतशिक्षिका रोवेना टार्बेल, आणि ती कुत्री नेल, एवढं लोरेटला संध्याकाळपर्यंत गावातून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोरेट ऑरिनच्या दुकानात चीज निवडत होती. झूल घातलेला गस नाक वर करून तिच्यापेक्षा मन लावून निवडत होता. तेवढ्यात रोवेना नेलला घेऊन आत आली.

“ओ बाई, कुत्रा बाहेर!” ऑरिन गल्ल्यामागून ओरडला.

“मदतनीस आहे ती,” रोवेना म्हणाली. “मला मधुमेह आहे. साखर उतरायला लागली की तिला वासावरून आधी कळतं, आणि ती मला सावध करते.”

“असं कुणीही सांगेल. झूल कुठाय? कार्ड कुठाय? हा बघा, याला म्हणतात मदतनीस कुत्रा!” ऑरिननं गसकडे बोट दाखवलं. “लोरेटबाई, सांगा जरा यांना, कुठं मिळतं ते.”

लोरेटला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण चार माणसं बघत होती. “इंटरनेटवर,” ती पुटपुटली. “आठवड्यात येतं.”

रोवेनानं तिच्याकडे पाहिलं, गसकडे पाहिलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं लोरेटला वाटून गेलं. “प्रत्येक नव्या गावात दारोदार हेच समजावत फिरते मी,” रोवेना थकलेल्या आवाजात म्हणाली. “आज अंगात त्राण नाही. पाव घेते आणि जाते.” तिनं नेलला ओसरीच्या कठड्याला बांधलं आणि एकटी आत आली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही अशी! झूलवाला आत, आणि काम करणारी बाहेर.

थोड्याच वेळात नेल भुंकायला लागली. भुंकायची, थांबायची, काचेवर पंजा मारायची, पुन्हा भुंकायची.

“बघा,” ऑरिन म्हणाला. “शिकवलेलं कुत्रं असं करतं का?”

पण लोरेटनं आयुष्य कुत्र्यांत काढलं होतं. वैतागलेलं भुंकणं आणि हाक मारणारं भुंकणं यातला फरक तिला कळत होता. नेल बघत होती त्या दिशेला तिनं मान वळवली. पावाच्या फळीपाशी रोवेना उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता, आणि हातातली बरणी कुठं ठेवायची तेच तिला सुचत नव्हतं. “काय हवंय, बाई?” ऑरिननं विचारलं, तर तिला शब्द जुळेनात. आणि गस? गस तिच्या बुटांना लागलेला चिखल हुंगत आनंदानं शेपूट हलवत होता!

“अरे देवा!” लोरेट धावत बाहेर गेली आणि तिनं नेलचा पट्टा सोडला. नेल बाणासारखी आत शिरली. तिनं रोवेनाला अंगानं ढकलत खाली बसवलं आणि तिच्या कोटाच्या खिशावर नाकानं टोचायला लागली. लोरेटनं खिशात हात घातला. आत साखरेच्या गोळ्या होत्या.

“टीचर, चावा! शाब्बास, अजून एक!” ती म्हणाली.

ऑरिनला काही सुचेना, म्हणून त्यानं दुकानातल्या सगळ्यात महागड्या मेपलच्या पाकाची बाटली फोडली आणि चमचा घेऊन गुडघ्यांवर बसला. रोवेनानं निमूटपणे दोन चमचे गिळले. हळूहळू तिच्या गालांवर रंग परतला. नेलनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं, तेव्हा कुठं दुकानातल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

“पाक उत्तम आहे,” रोवेना क्षीण हसून म्हणाली.

ऑरिन शरमून लालेलाल झाला होता. तो नेलकडे बघत राहिला, मग गसकडे. “ही मदतनीस,” तो म्हणाला, “तर मग हे येडं कोण?”

सगळ्यांच्या नजरा लोरेटकडे वळल्या. खोटं बोलायला एवढी संधी होती! गसचं काम वेगळ्या प्रकारचं आहे, असं म्हटलं असतं तर कुणी उलट विचारलं नसतं. पण त्या पोरीचा पांढराफटक चेहरा अजून तिच्या डोळ्यांपुढे होता. ती वाकली, तिनं गसच्या छातीवरचा पट्टा सोडला आणि लाल झूल काढली.

“हा गस आहे,” ती म्हणाली. “याला काऽऽही येत नाही. मला एकटीला आत यायची भीती वाटते, म्हणून मी हे सोंग केलं. टीचर, तुमची नेल बाहेर होती ती माझ्यामुळे. मला माफ करा.”

झूल निघाल्यावर गसनं अंग झाडलं, आणि जड नोकरीतून सुटका झाल्यासारखा तो दुकानभर नाचला.

रोवेनानं लोरेटचा हात धरला. “भीती वाटते हे मलाही कळतं,” ती म्हणाली. “पण माझ्याकडे बघून लोक आधी तुमच्यासारख्यांना आठवतात हो. म्हणून मला दारात उभं राहावं लागतं.” त्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते लोरेटच्या काळजाला लागले.

शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये लसटोचणी होती. लस, बिल्ले आणि मेपलच्या पाकाची मेजवानी, सगळं एकाच अंगणात. त्या गावाची रीतच तशी. ताज्या बर्फावर उकळता पाक ओतायचा, तो चिकट झाला की काट्याला गुंडाळून खायचा, वर डोनट नावाचा गोड वडा आणि तोंड बदलायला खारवलेली आंबट काकडी. अख्खं गाव कुत्र्यांसकट लोटलं होतं. गसनं सुई टोचताना सगळ्या गावाला ऐकू जाईल असा टाहो फोडला. लोरेट लसीचा कागद घेऊन ड्रुसिलाच्या टेबलापुढे रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे रोवेना होती, नेलचा बिल्ला घ्यायला.

“काय लिहू? देशपातळीवरचे गससाहेब?” ड्रुसिलानं टोमणा मारलाच.

“पुरे झालं गं! नुसतं गस लिही.”

ड्रुसिलानं मेपलच्या पानाच्या आकाराचे दोन बिल्ले पुढे केले. नेलच्या गळ्यात पडला तसाच गसच्या गळ्यात पडला. रोवेनानं आपल्या वाटणीचा पाक लोरेटच्या ताटलीत सरकवला आणि लोरेटच्या काकड्या पळवल्या. त्यावरून दोघींत जी हसाहशी झाली, ती बघून ड्रुसिला डोळे पुसत ‘धूर फार झालाय’ म्हणाली.

तरी खरी परीक्षा सोमवारी होती. ऑरिननं दारावर नवी पाटी लावली होती: ‘आम्ही झूल बघत नाही. दोनच गोष्टी विचारू: कुत्रा तुमच्या अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम शिकला आहे?’ ओसरीवर त्यानं एक बाक, पाण्याचं भांडं आणि गससाठी भक्कम कडी बसवली होती. लोरेटनं गसला कडीला बांधलं. दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि हात तिथंच थिजला. मागं गसनं गळा काढला. आता परत फिरायचं, एवढाच विचार तिच्या मनात आला.

“चला,” शेजारून रोवेना म्हणाली. नेल तिच्या पायाशी होती. “मी येते बरोबर. नेलला दोन माणसं सांभाळता येतात.”

दार उघडलं. आतली चार डोकी वळली.

“लोरेट! ये, ये!” कुणीतरी म्हणालं. “कॉफी ताजी आहे!”

लोरेटनं पाहिलं. ती माणसं तिच्याकडेच बघत होती. कदाचित पहिल्यापासून तिच्याकडेच बघत होती! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बाहेर त्याला सांगा कुणीतरी,” ती हसत म्हणाली, “मी जिवंत आहे म्हणून.” ऑरिननं खिडकी उघडून ओरडून सांगितलं. गस काही क्षण गप्प बसला. मग पुन्हा सुरू झाला.

तर मंडळी, आपल्या सोयीसाठी घेतलेली खोटी सवलत फुकट नसते. ती कुणातरी गरजवंताच्या विश्वासातून कापलेली असते, आणि ज्याचं कापलं जातं तो दारात उभा असतो. तुमच्या कुत्र्याला लस टोचा, बिल्ला बांधा, त्याच्यावर जीव ओवाळून टाका. पण तुम्हाला सोबत हवी असेल तर सोंग घेऊ नका, माणसांना सांगा. माणसं सरकून जागा करतात.

आणि ती लाल झूल? लोरेटनं अक्षरं आतल्या बाजूला घालून ती शिवली, आत लोकर भरली आणि ओसरीवरच्या बाकाखाली गससाठी गादी केली. त्यावर गस पसरलेला पाहून ड्रुसिला म्हणाली, “चला, झूल एकदाची कामाला लागली!”