भांडणाजोगा फोन

घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि ते बायकोला म्हणाले,

"हं, लिही. भाजीत मीठ जास्त झालंय."

तिने त्यांच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि हातातल्या फोनच्या बटणांवर अंगठे चालवले.

"काका, बटणांचे फोन आता कोण घेतं?" दुकानदार म्हणाला. "हे तीन कपाटाच्या तळाशी होते म्हणून सापडले."

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला तो गेलाच. तोवर घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. घड्याळजी एक बोलले की ती चार ऐकवायची. आता ती टचस्क्रीन फोनच्या काचेवर एकेक अक्षर शोधत बसायची आणि वर बघेपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असायचा. तिचं उत्तर म्हणजे वरातीमागून घोडं. हल्ली तर तिने उत्तर द्यायचंच सोडलं होतं, आणि घरातली ती शांतता घड्याळजींना खायला उठत होती.

पहिल्या फोनचा पडदा सरकवला की खालून ऐसपैस, गुळगुळीत बटणं निघत. दुसऱ्याची बटणं बारीक, पण प्रत्येकाला मधोमध उंचवटा. तिसरा वरच्या बाजूला इतका जड, की दोन ओळींतच तिचे अंगठे भरून आले. घड्याळजींनी तेच वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. जन्मभर सेकंदकाट्याशी संसार केलेला माणूस. त्यांना निकाल लावायला वेळ लागला नाही.

"पहिला. सगळ्यात वेगवान."

तिने मान हलवली आणि दुसरा उचलला.

"अगं, तो मागे पडलाय. चांगलाच."

तिने तो घट्ट धरला.

"हे बघ, हट्ट नको करूस. इतकी दुकानं पालथी घातली ती कशासाठी? तुला भराभर बोलता यावं म्हणूनच ना? मग घड्याळ सांगतंय ते ऐक. तुझं हे नेहमीचंच आहे, मी पूर्व म्हटलं की तू..."

बोलता बोलता ते अडखळले. ती डोळे वटारून थेट त्यांच्याकडे बघत होती आणि खाली तिचे अंगठे त्या उंचवट्यांवरून चाचपत चालले होते. एकदाही तिने खाली पाहिलं नाही. मग तिने फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

'त्या गुळगुळीतवर खाली बघावं लागतं. भांडताना मला तुमचं तोंड दिसायला हवं.'

घड्याळजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. दुकानदार दुसरीकडे बघू लागला.

"हाच द्या," ते त्याला म्हणाले. मग स्टूल ओढून तिच्या समोरासमोर बसले.

"बोल. भाजीत मीठ जास्त झालं होतंच."