पाणबुडीवर लॅकरचा हात

केदार गुप्तेच्या डोंबिवलीच्या घरात जेवणाचं टेबल जेवायला क्वचितच मिळे. त्यावर कधी विमान असे, कधी रणगाडा, आणि या खेपेला हातभर लांबीची पाणबुडी. बँकेतली नोकरी सांभाळून प्लास्टिकची मॉडेलं जोडायची आणि रंगवायची हा त्याचा छंद, आणि छंदापेक्षा त्याचा तोरा मोठा. ठाणे-डोंबिवलीतल्या अशा हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. त्यात नवख्यांना धडे द्यायचं काम केदारने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. इनॅमल रंगावर लॅकर मारू नका, लॅकरमधला थिनर खालचा रंग उचलतो, हे त्याने इतक्यांदा लिहिलं होतं की ग्रुपमधला महेंद्र त्याला लॅकरगुरुजी म्हणायचा.

ही पाणबुडी मात्र मिरवण्यासाठी नव्हती. त्याच्या बायकोचे, नीलाचे वडील (घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत) नौदलात असताना ज्या पाणबुडीच्या इंजिनावर होते, तिचं हे मॉडेल. ठाण्यात त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला होता. ओवाळून झालं की नीलाने पाणबुडी त्यांच्या हातात द्यायची, असा बेत होता, आणि तो नीलाचाच. थोरल्या भावाच्या, दादाच्या घरून भाऊंचा जुना फोटो तिने शोधून आणला. वरचं अंग काळं आणि पाण्याखालचं विटकरी, हे भाऊंकडून गप्पांच्या ओघात काढून घेतलं. दोन अर्धुकं चिकटवून सांध्यात पुट्टी भरली, तेव्हा पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ती स्वतः घासायला बसली. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता, इतकं छान घासलं. केदारने ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सांधा साफ केला.' कुणी केला ते लिहिलं नाही. माणसाच्या अंगातले गुण असे आधी छोट्या गोष्टीत दिसतात, पण तेव्हा कोण बघतं.

काळं इनॅमल बसलं देखणं, पण चकचकीत. खऱ्या पाणबुडीला चकाकी कुठली असायला? वरून मॅटचा हात द्यायला हवा होता. सावकाश वाळणारं मॅट व्हार्निश घरात होतं, पण त्याआधी खालचं इनॅमल पुरतं सुकू द्यायचं म्हणजे आठवडाभर हात बांधून बसायचं. आणि रविवारी ग्रुपची चौघं घरी यायची होती, खास हीच बघायला. लॅकरचा मॅट स्प्रे चुटकीसरशी वाळतो. केदारने रविवारी सकाळी बाल्कनीत उभं राहून, पातळ मारलं तर काही होत नाही अशी स्वतःची समजूत घालून, लॅकर मारलं. ज्या गोष्टीबद्दल बाकीच्यांचे कान उपटायचे तीच त्याने केली.

पाणबुडी आत आणून टेबलावर ठेवताना तिच्या पाठीवरच्या मनोऱ्याच्या मागे त्याला एक बारीक सुरकुती दिसली. वाळली की बसेल, असं म्हणत तो आंघोळीला गेला. नीलाला टेबलावर पोह्यांच्या बशा मांडायच्या होत्या. तिने पाणबुडी स्टँडसकट उचलून बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवली आणि कपडे वाळत घातले.

मंडळी आली. केदारने बाल्कनीत जाऊन पाणबुडी उचलली. काळं अंग तापल्या दुधावरच्या सायीसारखं गोळा झालं होतं, नाकापासून शेपटापर्यंत.

"अरे, हे काय?" महेंद्र जवळ आला. "लॅकर मारलंस की काय, गुरुजी?"

आता एक शब्द बोलायचा होता. हो. मंडळी हसली असती, चार दिवस चिडवलं असतं, संपलं असतं. पण केदारचं तोंड त्याच्याआधी धावलं.

"छे रे. उन्हात राहिली. नीलाने बाहेर ठेवली ना."

नीला पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला. "हो, मीच ठेवली," ती म्हणाली. "मला कळलंच नाही. बशा मांडायच्या होत्या." मग ती सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आणि केदार "जाऊ दे गं, होतं असं," म्हणाला. हे म्हणताना त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी त्याने पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतलं.

पुढे त्याने रंग खरवडून काढला. खरवडताना नीलाने घासलेला सांधा पुन्हा उघडा पडला, तो त्याने एकट्याने घासला, कारण नीला आता पॉलिश पेपरला हात लावत नव्हती. टेबल पुसायचं झालं तर ती आधी विचारायची, "पुसू का? काही हलवायचं नाहीये ना?" कामाला येणाऱ्या शकूला तिने बजावून ठेवलं, "तिकडे जाऊ नकोस बाई, मी एकदा वाट लावलीय." केदार आतल्या खोलीत हे ऐकायचा आणि त्याला तोंड लपवावंसं वाटायचं. सांगू, आज सांगू, असं म्हणत तो प्रायमर मारत होता, काळा रंग देत होता, विटकरी पट्ट्यासाठी टेप लावत होता. हात झकास चालत होते. तोंड तेवढं उघडत नव्हतं.

तिने भाऊंनाही सांगून टाकलं. भेट गुपित ठेवायची होती, पण तिच्या मनाला इतकं लागलं होतं की फोनवर सगळं बोलून गेली. भाऊंनी मग केदारला फोन द्यायला सांगितलं.

"केदारराव, तुम्ही तिला एका शब्दाने बोलला नाहीत म्हणे. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. लहानपणापासून धांदरट आहे हो ती. आम्ही काचेचं काही तिच्या हातात द्यायचो नाही. तुमचं मन मोठं आहे."

केदार "नाही, तसं काही नाही," असं काहीतरी पुटपुटला. म्हाताऱ्याने त्यालाही विनयच समजलं.

समारंभाला दहा दिवस उरले तेव्हा पाणबुडी पुन्हा उभी राहिली होती. काळा रंग चमकत होता, आणि या वेळी केदार मॅट व्हार्निशसाठी मुकाट्याने थांबणार होता. संध्याकाळी नीला भाजी निवडायला समोर बसली.

"एक सांगू? भाऊंच्या हातात तूच दे ती. आणि गाडीतही तूच धर, दादाला चालवायला सांगू. शीळफाट्यापर्यंत काय खड्डे आहेत. माझ्या हातून परत काही झालं तर मला नाही सहन व्हायचं."

ती भाजी निवडत राहिली. केदारला जमीन दुभंगावी असं वाटलं. वडिलांना द्यायची भेट तिने शोधली, घासली, आणि आता तीच भेट धरायला ती भीत होती.

"नीला, ती तुझ्यामुळे नाही खराब झाली. मी लॅकर मारलं होतं. आत आणली तेव्हाच सुरकुती आली होती. मी बघितली होती."

नीलाने मान वर केली आणि चक्क हसली. "पुरे रे. मला बरं वाटावं म्हणून कशाला? तू लॅकर मारशील? तूच लोकांना ओरडतोस."

"खरंच मारलं."

"केदार, मी चुकले, मला मान्य आहे. तू नको अंगावर घेऊस."

त्याने आणखी दोनदा सांगून पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसती माया दाटून येत होती, आणि ती माया त्याला सोसवेना. तो उठला. कपाटातून लॅकरचा डबा काढला, पाणबुडी उचलली, अंधारून आलेल्या बाल्कनीत नेली. "अरे, काय करतोयस?" म्हणत नीला मागे आली, तोवर त्याने नाकापासून शेपटापर्यंत एक सबंध हात मारला होता.

दोघं बघत उभे राहिले. उन्हाचा मागमूस नव्हता. आधी काही झालं नाही. मग मनोऱ्याच्या मागे काळा रंग हलला, एक सुरकुती उठली, तिच्यातून दुसरी फुटली, आणि बघता बघता सगळं अंग गोळा झालं.

नीलाने केदारकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची माया गेली होती.

"म्हणजे महेंद्रने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी शकूला सांगत होते तेव्हाही."

"हो."

"आणि भाऊ ते सगळं बोलले तेव्हाही."

त्याने मान हलवली. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं, पण नीला आत गेली होती. तिने फोन लावून टेबलावर त्याच्यासमोर ठेवला, स्पीकर सुरू केला आणि स्वतः खुर्ची ओढून बसली.

"भाऊ, केदारला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

"बोला, केदारराव," पलीकडून भाऊंचा हसरा आवाज आला. "आता काय करून ठेवलं आमच्या नीलीने?"