तीनशे बारा माणसांतल्या ताई

मतदानाला अठरा दिवस उरले आणि नगरसेविका ताईंचं सोशल मीडियावरचं खातं बंद पडलं. त्या मोठ्या नेटवर्कवर चाळीस हजार लोक त्यांना वाचायचे. कुणीतरी खोट्या तक्रारींचा सपाटा लावला होता. दाद मागावी तर दर वेळी तेच छापील उत्तर: 'तपासणी सुरू आहे.'

नाइलाजाने त्या धाकट्या भावाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेल्या. मागच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर तो वस्तीपुरतं नेटवर्क चालवायचा. अशी हजारो लहान नेटवर्कं ठिकठिकाणी होती, एकमेकांना जोडलेली; सगळ्यांचा मिळून मालक कुणीच नाही. दोन वर्षांपूर्वी ताईंनी भर सभेत ते हसण्यावारी नेलं होतं. तेव्हापासून बहीणभावांत जेवढ्यास तेवढं.

"किती माणसं आहेत रे तुझ्याकडे?"

"तीनशे बारा."

"बस्स?"

"बस्स. पण तक्रार आली तर मी वाचतो, यंत्र नाही." त्यानं स्टुलावरच्या तारा उचलल्या. "बस ना, उभी का?"

ताईंनी तिथेच विकासावर दणदणीत मजकूर टाकला. एका निवृत्त नर्सबाईंचं उत्तर आलं: 'भाषण राहू द्या, ताई. दवाखान्याचा नवा उतार फार चढा झालाय. आमच्या यांची चाकाची खुर्ची मागे घसरते. एकदा ढकलून बघा.'

मोठ्या खात्यावरही असं कुणी लिहिलं असेल. ताईंनी कधी तेवढं खाली जाऊन वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची ढकलली. अर्ध्यावरच धाप लागली. खुर्चीतले आजोबा म्हणाले, "सांभाळून हं. माझं मत द्यायचं राहिलंय अजून."

दुपारी ताईंनी लिहिलं: 'उतार चुकलाय. मंजुरी मीच दिली होती.'

लगेच भावाचा फोन आला. "ताई, आज तू बोललीस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या एका शहरातल्या तशाच नेटवर्कवरून कुणा इंजिनिअरनं योग्य उताराची मापं हिशेबानं काढून पाठवली. नगरसेविकापदाची मुदत संपायच्या आत ताईंनी उतार नव्याने बांधून घेतला. निवडणूक मात्र एकसष्ट मतांनी हरल्या. मोठं खातं निकालानंतर सुरू झालं.

आता रविवारी ताई भावाच्या दुकानात बसून आलेल्या तक्रारी वाचतात. परवा कुणीतरी नव्या नगरसेवकाला अर्वाच्य शिव्या घातल्या होत्या.

"काढून टाक," ताई म्हणाल्या.

"अगं, तुझ्याच बाजूचा आहे तो."

"म्हणूनच. आणि फोन लाव त्याला, मी बोलते. पोरगा रागावलाय, वाईट नाही."