भागीबाईच्या म्हशी

आई गेल्यानंतरची, रसायनशास्त्र विभागातली ही तिसरी शोकसभा. संख्याशास्त्राची आणि अर्थशास्त्राची होऊन गेली होती, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल यांची निमंत्रणं घरी येऊन पडली होती. साधना मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छायाताई खरं म्हणजे आमच्याच विभागाच्या." अगदी हेच वाक्य ललित सर अर्थशास्त्रात बोलले होते. मी मान खाली घालून हसू आवरलं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. संख्याशास्त्रात मी आईच्या शिस्तीबद्दल बोलले होते, अर्थशास्त्रात तिच्या फसलेल्या पुरणपोळ्यांबद्दल. इथे तिच्या सायकल शिकण्याची गोष्ट सांगितली. श्रोत्यांत निम्मे चेहरे तेच होते, त्यांना पुन्हा तेच कसं ऐकवायचं?

आई संख्याशास्त्र शिकवायची. विभागप्रमुख कधी झाली नाही, व्हावंसं तिला वाटल्याचंही आठवत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठाला एक संयुक्त प्रकल्प मिळाला. 'शाश्वत विकास' हे शब्द तेव्हा नवे होते आणि जो तो ते जरा जपून उच्चारायचा. एका वाडीचं पाणी, माती, झाडं आणि माणसं यांचा पाच विभागांनी मिळून अभ्यास करायचा, आणि तो निधी देणाऱ्या समितीला पटला तर दुसऱ्या टप्प्यात वाडीला बंधारा बांधून मिळणार, असं ठरलं होतं. वाडी घोटीच्या पुढे, डोंगरात. पावसाळ्यात तिथली भाताची खाचरं भरून वाहतात आणि चैत्रात बायका तळच्या विहिरीवरून डोईवर पाणी चढवून आणतात.

समन्वयक कोण, यावर विभागांचं महिनाभर जमेना. एका प्रमुखाला दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं नव्हतं. संख्याशास्त्राचं वाडीत स्वतःचं असं काहीच नव्हतं, ना झाड ना दगड, म्हणून ते काम आईकडे आलं. जीप एकच होती, तेव्हा वार वाटून घेतले. रसायनच्या वारी भूगोलाचा माणूस जीपमध्ये बसायचा नाही. कुणी तसा प्रयत्न केलाच तर चालक कुंदन सांगायचा, "सर, आज तुमचा वार नाही." इतक्या गांभीर्याने, की वाटावं उपास मोडतोय.

आई मात्र कुठल्याही वारी जायची. भागीबाईच्या ओट्यावर बसून चहा प्यायची. भागीबाई त्या वाडीतली वयाने आणि जिभेने थोरली. एकदा तिच्याशी बोलता बोलता आई म्हणून गेली, की पुढच्या उन्हाळ्यात पाणी घराशी येईल. नंतर घरी येऊन स्वतःवरच चिडली होती. "संख्याशास्त्राच्या माणसाने असं छातीठोक बोलू नये," म्हणाली. पण शब्द देऊन झाला होता.

समिती यायच्या काही दिवस आधी आईने बाकीच्या चारही विभागांची माहिती एकत्र जुळवायला घेतली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि बाबा ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी आई मोठ्याने हसली. अर्थशास्त्राच्या पाहणीत भागीबाईकडे दोन म्हशी होत्या. वनस्पतिशास्त्राच्या पाहणीत म्हैस नव्हती, शेळ्या होत्या. भूगोलाला तिने सांगितलं होतं की पाणी वरच्या झऱ्यावरून आणते, रसायनला सांगितलं होतं तळच्या विहिरीवरून. शेजारच्या घरांचीही तीच तऱ्हा. थोड्या वेळाने आईचं हसू थांबलं. बंधारा कुठे घालायचा ते पाणी कोण कुठून आणतं त्यावर ठरणार होतं.

विभागांना विचारलं तर प्रत्येकाची खात्री होती की चूक दुसऱ्याची. ललित सर म्हणाले, बॉटनीवाल्यांना पान असल्याशिवाय काही ओळखता येत नाही, म्हैस तरी कशी येणार. शेवटी आईने कुंदनला जीप काढायला सांगितली आणि साधना मॅडम आणि ललित सर यांना एकदम बसवलं. वार कुणाचाच नव्हता. मला परीक्षेची सुट्टी होती, मी मागच्या बाकावर. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरापासून घोटीपर्यंत ते दोघं एकमेकांशी फक्त खिडकीच्या काचेबद्दल बोलले.

आम्ही सगळे एकाच जीपमधून उतरताना पाहून भागीबाईने पदर तोंडाला लावला.

"आज समदेच संगं आले? मंग मी आता कुनाला काय सांगू?"

आईने ओट्यावर बसून तिला कागदावरचं सगळं वाचून दाखवलं. म्हशी, शेळ्या, झरा, विहीर. भागीबाईला हसू आवरेना. आजूबाजूच्या बायका येऊन उभ्या राहिल्या, त्याही हसायला लागल्या.

"आवं बाई, पयले आले त्येंला खरं सांगितलं. मंग दुसरे आले, त्येंनी बी त्येच इचारलं. मंग तिसरे. मानसं नाशकाहून एवढ्या लांब येत्यात, त्येंला काय दुसऱ्याचं उष्टं वाढायचं? समद्यांला ताजं दिलं."

मग उलगडत गेलं. संध्याकाळी चुलीशी बसून बायका ठरवायच्या, की उद्याच्या पाहुण्यांना काय द्यायचं. एकीने म्हशी घेतल्या की दुसरीने शेळ्या घ्यायच्या. एका सुनेने तर वनस्पतिशास्त्राला आंब्याची बागच देऊन टाकली होती. ललित सरांनी विचारलं, "पण मग आमच्या म्हशी खऱ्या की खोट्या?" भागीबाईने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "तुम्ही लय वाळलेले दिसले, सायेब. म्हनून दुधाच्या दिल्या."

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. साधना मॅडमही हसल्या आणि परत येताना त्यांनी ललित सरांना आपल्या डब्यातला लाडू दिला.

घोटीचा बाजार मागे पडल्यावर मात्र सगळ्यांना समिती आठवली. समिती परवावर आली होती. ललित सरांनी सुचवलं की सरासरी काढू. साधना मॅडमनी विचारलं, म्हणजे दीड म्हैस लिहायची का. मग ललित सर म्हणाले, एकाच विभागाची माहिती ठेवू, बाकीची काढून टाकू, समिती काही वाडीत जाऊन म्हशी मोजणार नाही. ते खरंच होतं. तसं केलं तर बंधारा मंजूर होईल, आणि कदाचित चुकीच्या ओहोळावर होईल. नाही केलं तर भागीबाईला दिलेला शब्द जाईल. आई खिडकीबाहेर पाहत होती. कुंदनने कधी नव्हे ते रेडिओ बंद केला.

समितीपुढे काय झालं, ते साधना मॅडमनी परवाच्या शोकसभेत सांगितलं, घरी आईने ते कधी सांगितलं नव्हतं. आई उभी राहिली आणि म्हणाली, "अहवालातली माणसांची माहिती चुकीची आहे. ती वगळून अहवाल वाचावा. चूक वाडीची नाही. आम्ही एकाच घरी चार वेळा पहिल्यांदा आल्यासारखे गेलो." अध्यक्षांनी विचारलं, याचा परिणाम तुम्हाला कळतो ना. ती म्हणाली, कळतो, आणि तो कुणाला भोगायला लागेल तेही कळतं.

दुसरा टप्पा एक वर्ष पुढे गेला. पाहणी पुन्हा, सगळ्यांनी एकत्र जाऊन. त्यानंतरच्या वर्षी बंधारा झाला, योग्य ओहोळावर झाला, आणि एका जीपमध्ये बसून बसून ते पाच विभाग एकमेकांच्या मुलांच्या बारशांना जायला लागले. ज्या शोकसभांना मी जाते आहे त्यांत इतकी माणसं असतात ती त्यामुळे.

पण मधला एक उन्हाळा कोरडा गेला. त्या चैत्रात आई मला घेऊन वाडीवर गेली. चहा आला, तो तिने हातातच धरून ठेवला.

"भागीबाई, मी शब्द दिला होता. यंदा पाणी येणार नाही."

"आमच्या म्हशींनी घात केला का काय?"

"नाही हो. आम्ही वेगवेगळे आलो म्हणून."

भागीबाईने कोपऱ्यातला हंडा उचलला. तिची दुसरी खेप व्हायची होती. आई उठली आणि दुसरा हंडा मागू लागली.

"तुला नाय जमायचं बाई. मधीच सांडशील."

"सांडलं तर पुन्हा जाऊ."

मी वर जांभळाखाली उभी राहिले. त्या बायका भरल्या हंड्यांनिशी तो चढ कसा झपाझप चढतात, ते मी आधी पाहिलं होतं. आईने साडी खोचली होती, एक हात हंड्याला होता आणि दुसरा तोल सांभाळायला पसरलेला. खांदा भिजून गेला होता. चार पावलं झाली की ती थांबायची, आणि तिच्या मागे भागीबाई थांबायची, भागीबाईच्या मागे बाकीच्या. वाट चांगली रुंद होती. तरी त्यांच्यातली एकही तिला ओलांडून पुढे आली नाही.