वाजवून झाल्यावर

रविवार, पावणेचार

स्टेजच्या मागं रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकून समीक्षा उभी होती आणि धुळावर नजर ठेवून होती.

नजर ठेवावी असं तो काही करत नव्हता. हेच तिला खटकत होतं. बाकीच्या बँडांची वाद्यं जुळवून झाली होती, आणि धुळाचा ढोल अजून पिकअपमध्येच, गोणपाटात गुंडाळलेला. नवरीनं मांडवात यावं आणि चपला काढू नयेत, तसं.

कृष्णाकाठच्या मैदानावर हौशी बँडांचा महोत्सव भरला होता. ‘कोरडवाहू’चा नंबर चार चाळीसला. बँड तिघांचा. समीक्षा गाते. मेडिकलचं दुकान सांभाळणारा विश्वजित गिटार वाजवतो. आणि जतकडचा धुळा, जो एरवी पिकअपमधून मिरज रोडनं गावाकडची हळद मार्केट यार्डात पोचवतो, तो धनगरी ढोल वाजवतो. त्याच्या ढोलाचं एक गाणं फोनाफोनांवर फिरलं, म्हणून तर निवड झाली. ढोल वजा केला की कोरडवाहू म्हणजे गॅदरिंगमधली दोन माणसं. यंदा बुडवलंत तर पुन्हा बोलावणार नाही, असं संयोजकांनी आधीच ऐकवलं होतं, कारण धुळानं दोनदा तोंडघशी पाडलं होतं. एकदा साताऱ्यात, एकदा विट्यात. दोन्ही वेळा सुतक. भावकीत कोणी गेलं की दहा दिवस ढोलाला हात लावायचा नाही. विट्याहून परत येताना समीक्षानं वैतागून विचारलं होतं, की आपला कार्यक्रम असला की तुमच्यात कोणीतरी जातंच कसं.

“भावकीचं दोनशे उंबरं हाईत,” तो म्हणाला होता. “तुमच्यासारखं टू बीएचके न्हाई.”

तेव्हा ती हसली होती. मग घरी जाऊन तिनं बोटांवर मोजलं. दोन कार्यक्रम, दोन मयती. दोन्हींची खबर फक्त धुळाच्या तोंडून.

त्याआधी, गुरुवार

गुरुवारी तिनं त्याला जयराजबरोबर पाहिलं. जयराजचा विट्यात बँड आहे, ढोल त्याच्याकडेही आहे, पण धुळाचा हात त्याच्याकडे नाही, आणि ते त्यानं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. यार्डाबाहेर चहाच्या गाड्यावर दोघांची डोकी जवळ होती. समीक्षा दिसल्यावर लांब झाली.

काय चाललंय, तिनं विचारलं. च्या पितोय, धुळा म्हणाला. दोन्ही ग्लास भरलेले होते आणि वर साय धरली होती.

शुक्रवारपासून त्याचा फोन बंद.

रविवार, चार

गर्दीत खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा कोणाला तरी शोधत हिंडत होता. धुळानं त्याला पाहिलं आणि तो चक्क जनरेटरमागं जाऊन बसला. म्हातारा शेंगा घेऊन निघून गेल्यावरच बाहेर आला.

समीक्षानं हे विश्वजितला सांगितलं. तो म्हणाला, उधारी असेल. मग तार पिळत म्हणाला, तुझा स्वभाव लय शंकेखोर झालाय हां समीक्षा, आमच्या दुकानात गिऱ्हाईक गोळीची तारीख बघतं तसं तू माणसं बघतेस.

गोळीची तारीख बघायलाच हवी, असं तिला वाटलं.

चार दहा

पिकअपच्या डॅशबोर्डावर धुळाचा फोन होता. तिनं तो उचलला आणि चालू केला. चोरी ती चोरीच, पण चोराच्या घरची.

जयराजचं नाव दिसेल अशी तिची खात्री होती. जयराजचं नव्हतंच. फोन बंद असताना सकाळपासून एकोणीस कॉल येऊन गेल्याचे मेसेज एकामागोमाग आले. सगळे एकाच नावाचे. रंगुबाई चुलती.

“बंद कर ते.”

धुळा दहा पावलांवर उभा होता. पुढं येत नव्हता. फोन म्हणजे पिसाळलेलं कुत्रं असल्यासारखा.

“जयराजशी काय ठरलंय तुझं?” तिनं विचारलं.

“ठरतंय कुठलं. पाया पडलो त्याच्या. माझं अडलं तर समीक्षाच्या मागं तू वाजीव म्हणालो. न्हाई म्हणाला.”

“तुझं काय अडणार आहे?”

त्यानं मान खाली घातली. चुलता अंथरुणाला खिळलाय, म्हणाला. बापामागं ज्यानं वाढवलं, ढोल गळ्यात घातला, तोच चुलता. शुक्रवारपासून पाणीही उतरत नाही.

“मग इथं काय करतोयस?”

“त्यानंच घालवला मला. जा, वाजव म्हणाला. लांब असलेल्याला ऐकल्याबिगर सुतक लागत न्हाई. म्हणून मी ऐकतच न्हाई. फोन न्हाई, गावचं माणूस न्हाई. तू बी आता…”

फोन वाजला. रंगुबाई चुलती.

धुळा वळला आणि जनरेटरकडं चालू लागला, जिथं स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

गोष्ट फारच घोटून बसवलेली वाटत होती. दोन मयती, आता तिसरी. खरं-खोटं करायचं तर फोन उचलायलाच हवा.

तिनं उचलला.

फोन

आधी बायकांचे आवाज. खूप बायकांचे. मग कोणीतरी दार ओढून घेतलं आणि ते आवाज दबले.

“कोण गं?”

“मी समीक्षा. धुळाबरोबर गाते, काकू.”

“व्हय, सांगतो त्यो. वाजवून झालं का त्याचं?”

“अजून नाही. चार चाळीसला आहे.”

बाहेरून कोणा पुरुषानं काहीतरी विचारलं, तिनं थांबा म्हणून सांगितलं.

“मग हिकडं किती वाजता पोचंल? अंधाराच्या आत यील का? माणसं खोळंबल्यात गं. मूठमाती त्याच्याच हातची पायजे म्हणून गेल्यात ते सांगून.”

समीक्षानं जनरेटरकडं पाहिलं.

“त्याला काय बोलू नगंस,” रंगुबाई म्हणाली. “वाजवून झाल्यावर कळवा, ह्ये बी त्यांनीच सांगितलंय. मला तेवढी वेळ कळावी म्हणून लावत हुते. यील न्हवं?”

“येईल,” समीक्षा म्हणाली.

चार पंचवीस

धुळा परत आला. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पाहू नये म्हणून पिकअपच्या चाकाकडं पाहत राहिला. तीही चाकाकडंच पाहत होती. गुरुवारपासून त्याचा चेहरा वाचायचा खटाटोप केला, आणि आता स्वतःचा लपवता येईना.

काय बोलली, असं त्यानं विचारलं नाही.

“गाडी मिरज रोडकडं तोंड करून लावू का?” त्यानं विचारलं.

“लाव.”

त्यानं गाडी वळवून लावली. मग गोणपाट सोडलं, कंबरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून ढोलावर टाकला आणि ढोल गळ्यात घेतला.

चार चाळीस

तीन गाणी ठरली होती. फोनवर गाजलेलं तिसरं. समीक्षानं माइकसमोर तेच पहिलं सांगितलं. विश्वजितनं तिच्याकडं रोखून पाहिलं, पण सूर धरला.

धुळा कसा वाजवत होता? लोक उठून उभे राहिले, एवढं तिला दिसलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. कडव्यात तिचा आवाज दोनदा फुटला, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

गाणं संपलं. विश्वजितनं दुसऱ्याची सुरुवात छेडली.

“धन्यवाद,” समीक्षा माइकवर म्हणाली. “आमचं एवढंच.”

पहिल्यांदा संयोजक धावत आला. मग विश्वजित, गिटार गळ्यातच. पंधरा मिनिटं शिल्लक होती, पब्लिक उभं होतं, पुढच्या वर्षीचं आता नाव काढायला नको, हे तो एका दमात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “काय लपवतेस तू?”

धुळा पायऱ्या उतरून गेला होता. ढोल हौद्यात ठेवल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली.

“बोल की,” विश्वजित म्हणाला.

“थांब जरा,” ती म्हणाली, आणि पिकअप फाटकाबाहेर पडून मिरज रोडला लागेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.