मजीदने मागितलेला डोंगर

सन दोन हजार चोवीस, जानेवारीची सव्वीस तारीख, वार शुक्रवार. स्थळ, कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस बंदराच्या अलीकडचा भाजीपाल्याचा मळा. त्या सकाळी उत्तरेकडचा शमाल वारा असा सुटला होता की काकडीच्या मांडवावरची जाळी फडाफडा वाजत होती आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची ती पांढरी, खारट माती दातांखाली करकरत होती. अशा गारठ्यातही चांगो ठाकर मांडवात उकिडवा बसून घामाघूम झाला होता. घामाचे कारण काम नव्हते. कारण भाषण होते.

तिकडे रायगडात त्याच्या ठाकरवाडीची ग्रामसभा भरली होती. वाडीमागचा डोंगर एका कंपनीला रिसॉर्टसाठी हवा होता आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून तो तिला मिळणार नव्हता. डोंगरावरच्या वाघदेवाच्या पूजेचा मान चांगोच्या घराकडे. म्हणून रिवाजाप्रमाणे अखेरचा शब्द त्याच्या घराचा, आणि बाप वारल्यापासून त्याचा. फोन कोणत्याही क्षणी येणार होता. अडचण एवढीच, की चारचौघांत बोलायची वेळ आली की चांगोची जीभ टाळ्याला चिकटे.

"तालीम करू," त्याचा जिवलग मजीद म्हणाला. हा श्रीवर्धनकडचा, मळ्यावरचा मुकादम. "मी कंपनीचा सायेब. तू निसता 'नाय' बोल. जुम्म्याच्या नमाजाच्या आत उरकू. यल्ला, चल!"

तो पालथ्या क्रेटवर चढला, काकडी माईकसारखी तोंडापुढे धरली आणि गोड हसला.

"चांगोशेठ!"

जन्मात प्रथमच कानी पडलेले हे संबोधन ऐकून चांगोने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"तुम्हालाच म्हणतोय! डोंगर तुमचाच राहणार हो. आम्ही फक्त सांभाळणार. पोरांना नोकऱ्या, घरोघरी नळ, आणि वाघदेवाला संगमरवरी देऊळ. वर एसी!"

"देवाला एसी?"

"दोन टनाचा!"

"उन्हाल्यात लय तापतो बिचारा," चांगो कळवळला. "आन् मना काय?"

"तुम्ही मॅनेजर. कोट, टाय, वॉकीटॉकी."

"मंग घ्या की डोंगर!" चांगोने हात जोडले.

मजीद क्रेटसकट आडवा झाला. "आरं गाढवा! दिलास? मला दिलास डोंगर?"

"तू मागलासच येवढा गोड!"

"कोल्हा काकडीला राजी! आन् काकडी तरी तुला कुठं दिली, ती माझ्याच हातात!"

दोघेही पोट धरधरून मातीत लोळले. डोळे पुसता पुसता चांगोने विचारले, "पन मजीदभाय, तुला ह्या सगला तोंडपाठ कसा?"

"आमची दर्याकाठची नारलाची वाडी आशीच गेली. आमाला कंपनीवाले मशिदीला मिनार बांधून देतो बोलले होते. अब्बा हां बोलले. आता तिथं गेलो तर गेटवर वाचमन विचारतो, कोनाकडं आलाव?" आणि मजीद पुन्हा फिसकन हसला; या खेपेला एकटाच.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अख्खी वाडी, मागे डोंगर, आणि मधोमध चांगोची बायको बुधी. सभेने अध्यक्ष म्हणून तिलाच बसवले होते. शेजारी केसांत गॉगल खोचलेला कंपनीचा माणूस.

"चांगोशेठ!" तो गोड हसला. "डोंगर तुमचाच राहणार. आम्ही फक्त..."

"सांभालनार!" चांगोच्या तोंडून निसटले.

"बरोबर! आणि पोरांना..."

"नोकऱ्या! घरोघर नल!"

"आणि तुमच्या वाघदेवाला..."

"संगमरवरी देऊल! एसी किती टनाचा, सायेब?"

"एसीचं... वरिष्ठांना विचारावं लागेल."

चांगो जो हसत सुटला तो थांबेना. हसणे फोनमधून वाडीत शिरले. म्हाताऱ्या खोकेपर्यंत हसल्या. कंपनीच्या माणसाचा चेहरा उतरला. "उंटावरून शेळ्या हाकू नका! स्वतः परमुलखात राबता आणि इथं प्रगतीला आडवे येता!"

हसून हसून सैल झालेली चांगोची जीभ आता अडेना. "राबतो तर! ह्यो मुलूख त्यांचा, मी पावना. कार्ड दावतो, आत येतो. त्याची मना लाज नाय. पन माज्या डोंगरावर मी पावना व्हनार नाय. माज्या घराचा शबुद: नाय."

वाडीचे हात एकामागून एक वर झाले. बुधीने ते सगळे पाहिले, पदर खोचला आणि कंपनीच्या माणसाकडे वळून म्हणाली,

"डोंगर मिलनार नाय."