शेवटची कुपी

"ताई, काही हलतंय का?" डॉक्टर मॅडमनी दारातूनच विचारलं.

"अजून नाही," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता लॅबताई म्हणाल्या.

बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. वीर्याचा नमुना धुवायचा, यंत्रात गरगरा फिरवायचा आणि तळाला बसलेल्यातून धडधाकट शुक्राणू निवडायचे. कुणी विचारलंच तर सासूबाई घाईघाईने सांगत, "रक्तबिक्त तपासते." दिराने एकदा खोदून विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "भाऊजी, बघ्यांची गर्दी घरी पाठवते आणि कामाचे तेवढे ठेवून घेते." त्याने पुन्हा विषय काढला नाही.

आज मात्र गर्दीच नव्हती. आजच्या जोडप्यातल्या, बाहेर बसलेल्या नवऱ्याला सात वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता. औषधं सुरू व्हायच्या आधी त्याने तीन कुप्या गोठवून ठेवल्या. माणूस बरा झाला, पण शरीरात नवे शुक्राणू होईनात. दोन कुप्या आधीच्या खेपांना वाया गेल्या. ही शेवटची. बायकोची सहा बीजं सकाळीच काढलेली, आणि प्रत्येकासाठी एक तरी जिवंत शुक्राणू हवा होता.

"दीड तास झाला," मॅडम म्हणाल्या. "परक्या दात्याचा नमुना वापरायचा का, विचारते त्यांना."

"नका विचारू."

"अहो ताई, बीजं थांबायची नाहीत."

"तीनपर्यंत थांबतात. तोवर त्या माणसाला काही सांगायचं नाही."

मॅडमशी या सुरात कुणी बोलत नसे. त्या दार ओढून घेत निघून गेल्या.

ताईंनी उरलेल्या गाळाचे बारीक बारीक थेंब केले आणि एकेक पालथा घातला. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकोणिसाव्या थेंबात एक शेपूट थरथरलं. पोहणं नव्हतंच ते, नुसती थरथर. पण जीव होता. केसाएवढ्या नळीने त्यांनी तो शुक्राणू अलगद उचलला.

पावणेतीनला त्यांनी मॅडमना हाक मारली.

"किती?"

"चार."

"बीजं सहा आहेत."

"चार आहेत," ताई ठामपणे म्हणाल्या, आणि सुई हातात घेऊन स्वतःच एकेक बीजात सोडायला बसल्या.

चारांतून दोन गर्भ धरले. दोहोंतला एक रुजला.

पुढच्या वर्षी ते दोघं बाळाला घेऊन आले आणि मॅडमच्या पाया पडायला वाकले. मॅडम मागे सरकल्या. "माझ्या नाही. थांबा," म्हणत त्यांनी आतून ताईंना बोलावून आणलं.

डोक्यावरची टोपी तशीच ठेवून ताई बाहेर आल्या. नवऱ्याने विचारलं, "शेवटची कुपी तपासणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"चार मिळाले होते," ताई म्हणाल्या. "चारही तुमचेच."

बायकोने बाळ पुढे केलं. "घ्या ना, ताई."

ताईंनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थांबा, आलेच."

बेसिनपाशी जाऊन त्यांनी बाह्या वर सारल्या, आणि नखांपासून कोपरापर्यंत, कसलीही घाई न करता, हात धुवायला घेतले.